चार्ल्स सार्जंट जॅगर याचें तोफखान्याचें स्मारक : एक परीक्षण

(१)

शिलालेख, नाणीं, सनदा, बखरी व पत्रव्यवहार हीं इतिहासाचीं साधनें होत, ह्याविषयीं आतां कोणी वाद घालीत नाहीं. परंतु सार्वजनिक स्मारक हें साधन आहे कीं केवळ अलंकार आहे, ह्या प्रश्नाचा आमच्याकडे व्हावा तितका विचार झालेला नाहीं. चौकांतील पुतळा हा बहुधा हार घालण्याचा किंवा हलविण्याचा विषय समजला जातो. वाचण्याचा विषय समजला जात नाहीं. वस्तुतः ज्या काळानें स्मारक उभारलें त्या काळानें स्वतःच्या हातानें लिहून दिलेला तो एक जबाबच असतो, आणि कोणताहि जबाब तपासावा तसा तो तपासला पाहिजे. त्यांत काय सांगितलें आहे, काय झांकलें आहे, कोणाचें नांव आहे व कोणाचें गाळलें आहे, हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं.

अशा तपासणीसाठीं प्रस्तुत लेखांत लंडन येथील हाइड पार्क कॉर्नरवरील शाही तोफखान्याचें स्मारक घेतलें आहे. त्याचा शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर, व स्थापति लायोनेल पिअर्सन. १८ ऑक्टोबर १९२५ रोजीं ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. हा ड्यूक मुंबई इलाख्याच्या इतिहासास अपरिचित नाहीं. १८८६ पासून १८९० पर्यंत तो मुंबईच्या सैन्याचा सेनापति होता, आणि दिल्लीच्या इंडिया गेटचा पायाहि १९२१ मध्यें त्याच्याच हस्तें घातला गेला. एकाच हातानें पाया घातलेल्या व पडदा सारलेल्या ह्या दोन वास्तूंमध्यें काय साम्य व काय अंतर आहे, हें लेखाच्या ओघांत दिसून येईल.

युद्धस्मारकास विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. कोण मेले, कसे मेले, आणि कशासाठीं मेले? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक राज्यकर्ता आपल्या सोयीनें देतो, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें त्यावर फारसें विसंबूं नये. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मात्र स्मारकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी होत. जॅगरचें स्मारक ह्यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें जसें उत्तर देतें तसें त्या पिढींतील दुसऱ्या कोणत्याहि इंग्रज शिल्पानें दिलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. पहिल्या प्रश्नावर मात्र तें जवळजवळ मौन धरतें. आणि हें मौन कोणास परवडतें व कोणास परवडत नाहीं, हाच ह्या परीक्षणाचा खरा विषय आहे.

(२)

जॅगरचा जन्म १८८५ मध्यें यॉर्कशायरमधील किल्नहर्स्ट येथें झाला. चौदाव्या वर्षीं तो शेफील्डच्या मॅपिन आणि वेब ह्या पेढींत धातूवरील कोरीव कामाची उमेदवारी करूं लागला. रात्रीं कलाशाळा व दिवसा हत्यार, असें त्याचें शिक्षण झालें. पुढें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें शिकून १९१४ मध्यें त्यानें रोमची शिष्यवृत्ति मिळविली. इंग्लंडांतील तरुण शिल्पकारास ह्याहून मोठा मान नव्हता. परंतु त्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें, आणि रोमला जाण्याऐवजीं जॅगर सैन्यांत दाखल झाला. वूस्टरशायर पलटणींत त्यास अधिकारपद मिळालें. गॅलिपोली येथें व नंतर पश्चिमेच्या रणांगणावर तो लढला, जखमी झाला, आणि मिलिटरी क्रॉस हें शौर्यपदक घेऊन परतला.

हा चरित्रभाग येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, स्मारकांच्या त्या सुगींत काम करणाऱ्या बहुतेक नामांकित शिल्पकारांनीं युद्ध वर्तमानपत्रांतून पाहिलें होतें. जॅगरनें तें चिखलांत पाहिलें होतें. परत आल्यावर १९१९-२० मध्यें त्यानें केलेला ‘नो मॅन्स लँड’ हा ब्राँझचा शिल्पपट्ट आज लंडनच्या टेट संग्रहांत आहे. त्यांत तारांच्या जाळ्यांत मेलेल्या शिपायांच्या रांगेंत एक जिवंत शिपाई दडून शत्रूची चाहूल घेत आहे. मेलेल्यांच्या आडोशानें जिवंत राहणें हा अनुभव कल्पनेनें सुचण्यासारखा नव्हे. १९२२ मध्यें पॅडिंग्टन स्थानकावर त्यानें ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मृत नोकरांचें स्मारक केलें. त्यांत खांद्यावर जाडा कोट टाकलेला, गळ्यास लोकरीचा पट्टा गुंडाळलेला एक शिपाई घरून आलेलें पत्र वाचीत उभा आहे. ह्या रेल्वेचे २,५२४ नोकर त्या युद्धांत मेले. त्यांचीं नांवें चर्मपत्रावर लिहून तीं एका मोहोरबंद पेटींतून चौथऱ्याच्या पोटांत ठेविलीं आहेत. आमच्याकडे मंदिराच्या पायांत कांहीं ठेवावें तसा हा प्रकार आहे. नांव डोळ्यांस दिसत नाहीं, पण तें तेथें आहे. हा तपशील पुढें उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनीं आपल्या स्मारकासाठीं प्रथम एडविन लट्येन्स व हर्बर्ट बेकर अशा मोठ्या स्थापतींशीं बोलणें केलें होतें. तें जुळलें नाहीं. अधिकाऱ्यांस देवदूत किंवा विजयदेवता नको होती. पाहतांच तोफखाना म्हणून ओळखूं येईल असें कांहीं हवें होतें. १९२१ मध्यें ते जॅगरकडे आले. गिऱ्हाइकाची मागणी व कारागिराचा अनुभव असा क्वचित् एका ठिकाणीं येतो.

(३)

पोर्टलंडच्या पांढुरक्या दगडाचा एक भव्य चौथरा, आणि त्यावर त्याच दगडांत घडविलेली ९.२ इंची हॉविट्झर, म्हणजे जड उखळी तोफ, अशी ह्या स्मारकाची मांडणी आहे. चौथऱ्याच्या चार बाजूंस ब्राँझच्या चार आकृति आहेत. समोर हातांत कोट धरून उभा असलेला अधिकारी; एका बाजूस गोळ्यांचें ओझें वाहणारा शिपाई; दुसऱ्या बाजूस तोफेचे घोडे हांकणारा; आणि मागें, उत्तरेच्या टोंकास, मेलेला शिपाई. चौथऱ्याच्या भिंतींवर तोफखान्याच्या लढाईचे उठावाचे शिल्पपट्ट कोरले आहेत.

ही तोफ अनेकांस रुचली नाहीं. दगडाची तोफ म्हणजे कलेची थट्टा, असें कांहीं समीक्षकांनीं म्हटलें. लॉर्ड कर्झननें तर तिला आग ओकावयास टपलेल्या बेडकाची उपमा दिली. ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. तोफ कुरूप आहे. परंतु तिला सुंदर करणें हेंच खोटें झालें असतें. वीस-पंचवीस पावलें मागें सरून पाहिलें असतां असें दिसतें कीं, सगळें स्मारक त्या तोफेच्या वजनाखालीं दबलें आहे. माणसें काठांवर आहेत, यंत्र मध्यावर आहे. १९१४-१८ च्या युद्धाचें ह्याहून अचूक विधान दगडांत करणें कठीण. त्या युद्धांत सर्वांत अधिक माणसें तोफगोळ्यांनीं मारलीं, हें सर्वमान्य आहे. ज्या हत्यारानें मारलें व ज्यांनीं तें चालवितां चालवितां प्राण दिले, तीं दोन्ही ह्या स्मारकांत एका ठिकाणीं आहेत, आणि शिल्पकारानें कोणाचीहि भीड राखलेली नाहीं.

घोडे हांकणाऱ्याची आकृति विशेष पाहण्यासारखी आहे. तो दगडी कठड्यास टेकून उभा आहे, दोन्ही बाहू त्यानें कठड्यावर पसरले आहेत, आणि अंगावरील पावसाळी आवरण त्या बाहूंवरून खालीं लोंबत आहे. ख्रिस्ती प्रेक्षकास ह्यांत वधस्तंभ दिसतो. परंतु जॅगरनें तसें कोठेंहि बोलून दाखविलेलें नाहीं. त्यानें दमलेला माणूस दाखविला आहे. दमलेल्या माणसाचे हात असेच पसरतात. अर्थ आकृतीवर लादलेला नाहीं, तो आकृतींतून निघतो. चांगल्या शिल्पाची हीच खूण होय. गोळे वाहणाऱ्याच्या पायांकडे पाहावें. ते वीराचे पाय नाहींत, हमालाचे आहेत. गुडघे ओझ्यास सरावलेले आहेत. तोफखान्याचें युद्ध हें मुख्यतः ओझें वाहण्याचें युद्ध होतें, हें त्या पायांवरून कळतें.

मेलेल्या शिपायाविषयीं अधिक लिहिलें पाहिजे. तो उताणा पडला आहे. तोंडासकट अंगावर कोट ओढलेला आहे, त्यावर लोखंडी शिरस्त्राण ठेवलें आहे, आणि खालून जड बूट बाहेर आलेले दिसतात. स्मारक-समितींतील कांहीं सभासदांस ही आकृति नको होती. मेलेल्यांच्या आयांस ती पाहवणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. जॅगरनें हट्ट सोडला नाहीं, आणि त्या आकृतीचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखविली. अखेर ती बसली. आमच्या मतें जॅगरचें बरोबर होतें. ज्या स्मारकावर ४९,०७६ मेलेल्यांचा आंकडा कोरावयाचा त्यावर एकहि मेलेला दिसूं नये, असें म्हणणें म्हणजे हिशेब लिहावा पण मुद्दल दाखवूं नये असें म्हणण्यासारखें आहे. शिवाय तोंड झांकल्यामुळें तो शिपाई कोणा एकाचा राहिला नाहीं. प्रत्येक आईस तो आपला वाटूं शकतो. शिल्पकारानें कठोरपणा केला, पण त्यांत क्रूरपणा नाहीं.

दोषहि सांगितले पाहिजेत. भिंतींवरील शिल्पपट्ट चार आकृतींच्या तोलाचे नाहींत. त्यांत गर्दी, घाई व स्नायूंचें प्रदर्शन आहे. ब्रिटिश म्यूझियममधील असीरियन राजांच्या लढायांच्या पट्टांची त्यांवर छाया आहे असें अनेक अभ्यासकांस वाटतें. तसें असेल तर त्या जुन्या पट्टांची शिस्त ह्यांत उतरलेली नाहीं. पट्टांत माणसें धांवतात, आकृतींत माणसें थांबलेलीं आहेत, आणि जॅगरचें सामर्थ्य थांबलेल्या माणसांत आहे.

(४)

ह्या स्मारकाचें मोल शेजाऱ्याशीं तुलना केली असतां अधिक स्पष्ट होतें. त्याच हाइड पार्क कॉर्नरवर मशीनगन दळाचें स्मारक आहे. त्याचा शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड. अनावरण त्याच वर्षीं, म्हणजे १० मे १९२५ रोजीं, त्याच ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्तें झालें. त्यांत बायबलांतील डेव्हिड ह्याची तरुण, नग्न, निर्दोष अशी मूर्ति हातांत मोठी तलवार घेऊन उभी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंस दोन खऱ्या मशीनगना ब्राँझच्या पुष्पमालांनीं वेढून ठेविल्या आहेत. खालीं बायबलांतील एक वचन आहे. सॉलनें हजारांस मारलें तर डेव्हिडनें दहा हजारांस, असा त्याचा आशय आहे.

ह्याच डरवेंट वुडनें युद्धकाळांत लंडनच्या वँड्सवर्थ येथील लष्करी रुग्णालयांत ज्या शिपायांचे चेहरे गोळ्यांनीं उडाले होते त्यांच्यासाठीं धातूचे पातळ मुखवटे तयार केले. चित्रकाराच्या कौशल्यानें ते रंगवून, मूळ चेहऱ्याशीं जुळवून, तो त्या हतभाग्यांस पुन्हा रस्त्यावर हिंडण्याजोगें करी. हें काम पुण्याचें होतें, आणि शिल्पकलेचा ह्याहून मोठा उपयोग त्या युद्धांत कोणी केला असेल असें वाटत नाहीं. पण ज्यानें रोज फाटलेले जबडे पाहिले त्यानेंच स्मारकाच्या वेळीं ज्याच्यावर ओरखडाहि नाहीं असा देह उभा करावा, ह्याचा अर्थ काय? मुखवटा हें रुग्णालयांत औषध होतें. चौकांत तोच मुखवटा असत्य झाला. दहा हजारांस मारण्याचा अभिमान व मारणाऱ्याचा निष्कलंक देह हीं दोन एका चौथऱ्यावर आलीं कीं पाहणाऱ्यास युद्धाविषयीं कांहींच कळत नाहीं. ‘कसे मेले’ ह्या प्रश्नास येथें उत्तर नाहीं. उलट तो प्रश्न विचारूं नये अशी व्यवस्था आहे.

ह्या दोहोंहून निराळा मार्ग लट्येन्सच्या सेनोटॅफचा. १९१९ च्या जुलैंत लांकूड व प्लास्टर ह्यांचें तात्पुरतें उभारलेलें हें रिकामें थडगें लोकांच्या आग्रहावरून १९२० मध्यें दगडांत कायम झालें. त्यावर आकृति नाहीं, नांव नाहीं. त्यानें कांहींच सांगितलें नाहीं म्हणून खोटेंहि सांगितलें नाहीं. परंतु मौनाचें स्मारक एकदांच उभारतां येतें. सर्वच स्मारकें मुकीं झालीं तर पुढच्या पिढीनें कोणास विचारावें? जॅगरचें महत्त्व असें कीं, डेव्हिडचा खोटेपणा व सेनोटॅफचें मौन हीं दोन्ही टाळून त्यानें साक्ष दिली.

(५)

आतां ज्या विषयाशीं आमचा प्रत्यक्ष संबंध येतो त्याकडे वळूं. ह्याच जॅगरनें हिंदी सैन्यासाठींहि काम केलें. सुवेझ कालव्याच्या दक्षिण मुखाशीं पोर्ट तौफीक येथें ईजिप्त व पॅलेस्टाइन येथील मोहिमांत मेलेल्या हिंदी सैन्यांतील सुमारें चार हजार लोकांचें स्मारक १९२६ मध्यें उभें राहिलें. स्थापति सर जॉन बर्नेट, शिल्पें जॅगरचीं. हीं शिल्पें कशाचीं होतीं? वाघांचीं. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं, फ्रान्समधील नव्ह शापेल येथें हर्बर्ट बेकरच्या योजनेनें उभारलेल्या हिंदी स्मारकाचें अनावरण झालें. तेथील शिल्पकार चार्ल्स व्हीलर. तेथें कमलाच्या शिरोभागाचा उंच स्तंभ आहे, मुकुट आहे, आणि दोन्ही बाजूंस पुन्हा वाघ आहेत.

वाघ उत्तम घडविलेले आहेत, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या शिल्पकारानें आपल्या देशबांधवांसाठीं पत्र वाचणारा, ओझें वाहणारा, दमलेला व मेलेला असा माणूस घडविला, त्यानेंच हिंदी शिपायासाठीं पशु घडविला, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. येथें कोणी असें म्हणेल कीं, वाघ हें शौर्याचें प्रतीक आहे, आणि त्यांत अपमान नसून गौरव आहे. तें मान्य केलें तरी प्रश्न तसाच राहतो. यॉर्कशायरच्या शिपायास प्रतीक लागलें नाहीं, त्याचे बूट पुरले. मग साताऱ्याच्या किंवा झेलमच्या शिपायास प्रतीक कां लागावें? उत्तर असें कीं, प्रतीक हें न पाहिलेल्या माणसासाठीं असतें. गॅलिपोलीच्या रणांगणावर हिंदी डोंगरी तोफखान्याच्या तुकड्याहि लढल्या होत्या. पण जॅगरच्या शिल्पांत त्यांपैकीं कोणी उतरला नाहीं. शिल्पकारावर एकट्यावर ह्याचा दोष ठेवणें अन्यायाचें होईल. मागणी करणाऱ्यांसच हिंदी शिपायाचा देह नको होता. त्यांस साम्राज्याचा विस्तार दाखवावयाचा होता, आणि त्यास वाघ सोयीचा होता. दिल्लींतील तीनमूर्ति स्मारक हा ह्या नियमास एक अपवाद आहे. लिओनार्ड जेनिंग्ज ह्या इंग्रज शिल्पकारानें तेथें हैदराबाद, म्हैसूर व जोधपूर ह्या संस्थानांच्या घोडदळांतील तीन शिपाई ब्राँझमध्यें उभे केले. परंतु तेहि पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ उभे आहेत. दमण्याचा व मरण्याचा अधिकार त्यांस तेथें मिळालेला नाहीं.

नांवांचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. १९१७ मध्यें स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें मृतांस हुद्दा, धर्म, वर्ण असा भेद न करतां समान मान देण्याचें तत्त्व पत्करलें होतें. फ्रान्समध्यें तें बव्हंशीं पाळलें गेलें. नव्ह शापेल येथें ४,७०० हून अधिक हिंदी मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत. परंतु मेसापोटेमियांत तें पाळलें गेलें नाहीं. बसरा येथील स्मारक १९२९ मध्यें खुलें झालें. ज्यांच्या कबरींचा किंवा अग्निसंस्काराच्या जागांचा पत्ता नाहीं अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठीं तें आहे. त्याच्या भिंतींवर इंग्रज शिपायांचीं व अधिकाऱ्यांचीं नांवें आलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींहि आलीं. पण सामान्य हिंदी शिपायांची पलटणीखालीं केवळ संख्या आली. ह्या मेसापोटेमियाच्या मोहिमेंत लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचें नांवच पुणें डिव्हिजन असें होतें. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत येथें जो वेढा पडला त्यांत १०३ वी, ११० वी व ११७ वी ह्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तेथें उपासमारीनें, रोगानें व पुढें कैदेंत जे मेले त्यांत कोंकण व देश ह्यांतील किती घरांचे मुलगे होते, हें बसऱ्याची भिंत सांगत नाहीं.

येथें हाइड पार्क कॉर्नरवरील आंकड्याकडे परत वळावें लागतें. तेथेंहि ४९,०७६ ही संख्याच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्यें त्यांत २९,९२४ ह्या संख्येची भर पडली. मग भेद कोणता? भेद असा कीं, लंडनच्या त्या संख्येंतील प्रत्येकाचें नांव इतरत्र, कबरीच्या शिळेवर किंवा बेपत्त्यांच्या भिंतीवर, लिहावें असा नियम होता. पॅडिंग्टन येथें तर तीं चौथऱ्याच्या पोटांतच आहेत. तेथें संख्या ही नांवांची बेरीज आहे. बसऱ्यास संख्या ही नांवांच्या जागीं आली आहे. जॅगरचें मौन त्याच्या लोकांस परवडलें, कारण त्यांच्यासाठीं दुसरीकडे कोणी बोलत होतें. आमच्या लोकांसाठीं कोणी बोलत नव्हतें. २०२१ मध्यें त्याच कमिशननें, म्हणजे आतांच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें, स्वतःच्या कारभाराचा अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. मुख्यतः हिंदी, आफ्रिकी व ईजिप्ती अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि आणखी निदान १,१६,०००, कदाचित् ३,५०,००० पर्यंत, लोकांचें नांवानें स्मरण झालेंच नाहीं, असें त्या अहवालांत नमूद आहे.

(६)

परकीयांकडे बोट दाखवितांना आपल्या घरांतील साधनेंहि तपासलीं पाहिजेत, नाहींतर परीक्षणाचा वकिली कागद होतो. महाराष्ट्रांत गांवोगांव वीरगळ आहेत. त्यांची रचना अभ्यासकांस ठाऊक आहे. सर्वांत खालच्या चौकटींत पडलेला वीर. त्यावर लढाईचा प्रसंग. त्याच्यावर अप्सरांनीं वीरास स्वर्गीं नेणें. वरच्या चौकटींत शिवलिंगाचें पूजन. आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. जॅगरचा मेलेला शिपाई पाहिला कीं वीरगळाच्या खालच्या चौकटीचें स्मरण होतें. दोन्ही ठिकाणीं प्रेत लपविलेलें नाहीं. भेद वरच्या चौकटींत आहे. वीरगळ प्रेतापासून सुरुवात करून स्वर्गापर्यंत चढतो. जॅगर प्रेतापाशीं थांबतो, आणि वर स्वर्गाच्या जागीं तोफ ठेवतो. ह्यांत श्रेष्ठ कोण असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पहिल्यास परलोकाची खात्री होती, दुसऱ्यास नव्हती. दोघांनींहि आपल्या काळाची खरी साक्ष दिली.

परंतु आमचे बहुतेक वीरगळ निनांवी आहेत. गाईंसाठीं कीं गांवासाठीं पडला हें चित्रावरून कळतें. कोण पडला हें कळत नाहीं. पानिपतच्या संहारानंतरच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रांतहि थोरांचा शोक मोत्यांच्या व मोहरांच्या नांवानें आहे, आणि सामान्य शिपाई ज्याची गणती लागत नाहीं अशा सुट्या नाण्यांत गेला आहे. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवरील भेद केवळ परकीयांच्या मनांतला नव्हता. मोठ्यास नांव व लहानास संख्या हा राज्यव्यवहाराचा जुना प्रघात आहे. तरीहि अपराध सारखा नाहीं. वीरगळ उभारणाऱ्या गांवास नांव कोरण्याचें कारण नव्हतें, कारण गांवास नांव माहीत होतें. तें पिढ्यांनंतर विसरलें गेलें. बसऱ्याच्या स्मारकाच्या वेळीं मात्र पलटणींचीं दप्तरें जिवंत होतीं, आणि समानतेचें तत्त्व लेखी पत्करलेलें होतें. विसरणें निराळें, आणि ठाऊक असून न लिहिणें निराळें.

(७)

स्मारकांच्या पुढील भवितव्यावरूनहि एक धडा मिळतो. दिल्लीस इंडिया गेटसमोरील छत्रींत पांचव्या जॉर्जचा जो संगमरवरी पुतळा होता तो जॅगरचाच. १९३४ मध्यें जॅगर वारला तेव्हां तो पुरा झालेला नव्हता; मागाहून त्याच्या साहाय्यकांनीं तो पूर्ण केला. १९६८ मध्यें तो तेथून हलविला गेला, व आतां कॉरोनेशन पार्कमध्यें आहे. छत्रींत २०२२ च्या सप्टेंबरांत सुभाषचंद्र बोस यांची मूर्ति आली. लॉर्ड रीडिंगचा जॅगरकृत पुतळाहि दिल्ली सोडून १९७१ मध्यें इंग्लंडांतील रीडिंग शहरीं गेला. ह्या स्थलांतरानें इतिहासाची हानि झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ते पुतळे राज्यसत्तेचे होते. सत्ता गेली, ते गेले. परंतु त्याच चौकांत इंडिया गेटच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक मृतांचीं नांवें आहेत, आणि तीं काढावीं असें मनांत आणण्याजोगें कोणी नाहीं. पोर्ट तौफीकचें स्मारक १९६७ नंतरच्या अरब-इस्रायल संघर्षांत उद्ध्वस्त झालें. जॅगरच्या वाघांची ती जागा राहिली नाहीं. मृतांचीं नांवें मात्र १९८० मध्यें कैरोजवळील हेलिओपोलिस येथील स्मशानभूमींत नव्या फलकांवर कोरलीं गेलीं. दगडाचा वाघ फुटला तरी नांव दुसऱ्या दगडावर लिहितां आलें. जें लिहिलेंच गेलें नाहीं तें कोणत्या दगडावर लिहावें?

म्हणून जॅगरच्या स्मारकाविषयीं आमचा निर्णय असा. शिल्प म्हणून तें त्या युगांतील इंग्रजी स्मारकांत अग्रस्थानीं ठेवण्याजोगें आहे, कारण ‘कसे मेले’ ह्याचें उत्तर तें भीड न धरतां देतें. साधन म्हणून तें अपुरें आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची भरपाई दुसऱ्या दप्तरांनीं केलेली आहे. जेथें अशी भरपाई झाली नाहीं तेथें उत्तम शिल्पहि मृतांस न्याय देऊं शकत नाहीं. शिल्पकार देह देतो. नांव देणें हें दप्तराचें, म्हणजे आमच्यासारख्यांचें, काम आहे.

हें काम महाराष्ट्रांत अद्याप करण्याजोगें आहे. अनेक खेड्यांत, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतींत, एक लहान संगमरवरी शिळा बसविलेली आढळते. ह्या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास अमुक माणसें गेलीं, त्यांपैकीं अमुक मेलीं, इतकेंच तीवर कोरलेलें असतें. ती बसऱ्याच्या भिंतीची धाकटी बहीण होय. अशा शिळांचे ठसे घेऊन त्यांची गांववार यादी झाली पाहिजे. त्या संख्येशीं पलटणींच्या याद्या, पेन्शनचीं कागदपत्रें, घरोघर जपलेलीं पदकें व म्हाताऱ्यांच्या तोंडचीं नांवें ताडून पाहिलीं पाहिजेत. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेली असते, इतकें जरी गांवकऱ्यांस सांगितलें तरी पुष्कळ माहिती बाहेर येईल. हें अशक्य नाहीं. लाहोरच्या संग्रहालयांत पडून असलेल्या नोंदवह्यांवरून पंजाबांतील सुमारें ३,२०,००० शिपायांची गांववार माहिती २०२१ मध्यें अभ्यासकांस खुली झाली. जुनें दप्तर हुडकून वाचणें हा उद्योग महाराष्ट्रास नवीन नाहीं.

हाइड पार्क कॉर्नरवरील झांकल्या तोंडाच्या शिपायाचें नांव तेथें नाहीं, पण त्याच्या देशाच्या दप्तरांत आहे. आमच्या शिपायाचें तोंड कोणी घडविलें नाहीं, आणि नांवहि लिहिलें नाहीं. पहिली उणीव आतां भरून येणें कठीण. दुसरी अद्याप भरून काढतां येईल; मात्र शिळा फुटण्यापूर्वीं, पदकें मोडींत जाण्यापूर्वीं, आणि आजोबांचें नांव सांगणारे शेवटचे नातू जाण्यापूर्वीं ती भरली पाहिजे.